पातूरची पाटी आणि केपटाउनचा मदरसा

(शिरपूर जैन येथे तरुण मुलामुलींसमोर केलेले भाषण)



तुमच्यापैकी बहुतेकांनी एक वाक्य कधी ना कधी ऐकलं असेल, "अरे वा, तुमचं मराठी छान आहे हो!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण वाशिम जिल्ह्यात जन्मलेल्या, इथेच शिकलेल्या मुलाला मराठी चांगलं येतं यात नवल कसलं? आणि घरी आलो की मोठी माणसं म्हणतात, "ये कैसा बोलता रे, साफ उर्दू में बोल ना." बाहेर आपलं मराठी पाहुण्याचं ठरतं आणि घरात आपली उर्दू कच्ची ठरते. मग आपली भाषा कोणती?

हा प्रश्न आपल्या दारातच कोर्टात गेला होता. मालेगावहून अकोल्याकडे निघालं की वाटेत पातूर लागतं. तिथल्या नगरपरिषदेच्या पाटीवर वर मराठी आणि खाली उर्दू आहे. उर्दू काढा, अशी मागणी झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी निकाल दिला. मराठीसोबत उर्दू लिहायला कायद्याची आडकाठी नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे. ती एका समाजाची, प्रदेशाची, तिथल्या माणसांची असते. उर्दू याच मातीत जन्मली, हेही न्यायालयाने सांगितलं.

निकाल आपल्याला आवडला. पण भाषा धर्माची नसेल, तर हा नियम आपल्यालाही लागू होतो. मराठी ही 'त्यांची' भाषा, असं आपल्या मोहल्ल्यात कुणी म्हणालं, तर तीच चूक उलट्या बाजूने होते.

आता थोडं लांब जाऊ. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्स नावाची भाषा आहे. वर्णभेद करणाऱ्या गोऱ्या सरकारची भाषा, अशी तिची ओळख. १६ जून १९७६ रोजी सोवेटोची शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली, ती शाळेत आफ्रिकान्सची सक्ती झाली म्हणून. पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

पण या भाषेचा जन्म कुठला? डच कंपनीने इंडोनेशिया, भारत, मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम पकडून केपटाउनला नेले. त्यांच्या आणि मालकांच्या बोलण्यातून डच भाषा बदलत गेली. केळ्याला आफ्रिकान्समध्ये 'पीसांग' म्हणतात, तो शब्द मलय भाषेतला. गोरे लोक या बोलीला 'स्वयंपाकघरातली भाषा' म्हणून हिणवायचे. तिथल्या मुस्लिम मुलांना मदरशात मात्र याच बोलीत धर्म शिकवला जाई. शिक्षक ती अरबी लिपीत लिहीत आणि अरबीत नसलेल्या आवाजांसाठी अक्षरांना जादा टिंबं देत. अबू बक्र एफेंदी या उस्मानी आलिमने अशाच आफ्रिकान्समध्ये 'बयानुद्दीन' हे पुस्तक लिहिलं. ते १८७७ साली इस्तंबूलमध्ये छापलं गेलं. पुढे १९२५ साली आफ्रिकान्स राजभाषा झाली आणि मदरशातली ती पानं विस्मरणात गेली. आज आफ्रिकान्स बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा इतरांची संख्या जास्त आहे. तरी ती 'गोऱ्यांची भाषा' हा शिक्का पुसला जात नाही.

एका बोलीला सत्ता मिळाली, तेव्हा हे झालं. जिला सत्ता कधीच मिळाली नाही, अशीही एक भाषा बघू. ह्मोंग हे दक्षिण चीन, लाओस आणि व्हिएतनामच्या डोंगरांतले लोक. त्यांचं स्वतःचं राष्ट्र नाही. १९५० च्या दशकात लाओसमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी रोमन लिपी बसवली. ह्मोंगमध्ये आवाजाच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो. म्हणून या लिपीत शब्दाच्या शेवटचं व्यंजन उच्चारायचं नसतं, ते फक्त सूर दाखवतं. १९५९ साली शोंग लू यांग या शेतकऱ्याने स्वतःची वेगळी लिपी तयार केली. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. लोक त्याच्यामागे जाऊ लागले, तशी सत्तेला त्याची भीती वाटू लागली आणि १९७१ साली त्याची हत्या झाली. १९७५ नंतर हजारो ह्मोंग निर्वासित होऊन अमेरिकेत गेले. सरकार पाठीशी नसतानाही भाषा टिकली, कारण लोकांनी ती घरात बोलणं आणि आपल्या हाताने लिहिणं सोडलं नाही.

या दोन भाषांमध्ये नात्याचा एक धागा नाही. पण दोन्हीकडून एकच गोष्ट दिसते. भाषा कुणाची, हे लिपीवरून ठरत नाही आणि धर्मावरूनही नाही. जो ती लिहितो आणि आपली म्हणतो, त्याची ती होते. आफ्रिकान्सवरचा हक्क एकाच गटाने सांगितला आणि बाकीच्यांचा वाटा झाकला गेला. आपण मराठी लिहिली नाही, तर मराठीतला आपला वाटाही असाच झाकला जाईल. श्रीगोंद्याचे शेख महंमद, अमर शेख, हमीद दलवाई ही नावं मराठीत आहेत, कारण त्यांनी मराठीत लिहिलं.

आपलं 'स्वयंपाकघर'ही पाहा. आपण घरात 'नक्को' म्हणतो, तो मराठीचा 'नको'. "वो आयाच नई" म्हणतो, त्यातला 'च' मराठीचा. ही बिघडलेली उर्दू नाही आणि मोडकं मराठीही नाही. शेकडो वर्षं शेजारी राहिल्याचा हा पुरावा आपल्या आईच्या तोंडी आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख मुस्लिम होते आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे लाखो मुस्लिमांनी मराठी, हिंदी किंवा दुसरी एखादी भाषा सांगितली. मुस्लिम म्हणजे उर्दू, हे समीकरण आपल्याच उत्तरांनी खोटं ठरवलं आहे.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. उर्दू शाळेत शिकत असाल तर मराठीचा तास पास होण्यापुरता ठेवू नका. तलाठ्याचा कागद, भरतीची परीक्षा, ग्रामसभेचा ठराव हे सगळं मराठीत असतं. ते वाचता आलं नाही तर दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं. मराठी शाळेत असाल तर निदान आजीचं पत्र वाचण्याइतकी उर्दू लिपी शिका. आणि घरात जे बोलता, ते मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा, देवनागरीत लिहून काढा. दादी-नानीचे शब्द, म्हणी, लग्नातली गाणी. केपटाउनच्या मदरशातल्या कुणीतरी ते केलं होतं, म्हणून आज आपल्याला त्यांचा वाटा सिद्ध करता येतो.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "तुमचं मराठी छान आहे," तर भांडू नका. हसून सांगा, "असणारच की, माझीच भाषा आहे." आणि घरी कुणी कच्च्या उर्दूवरून टोकलं, तर त्यांनाही हेच सांगा.