आठ तास कामाचे, बाकीचे कुणाचे?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला, 'वेळ आणि शक्तीचे नियोजन'. विषय ऐकून आमचे सोबती हसले. नियोजन करणारे साहेब लोक वेगळे, आपण भोंग्यावर उठणारी माणसे! पण जिनिंगमध्ये आयुष्य काढताना आम्ही एक गोष्ट शिकलो. दिवसाचे तास कुणालाच वाढवता येत नाहीत, पण अंगातली ताकद राखून वापरता येते. ती संपली की उरलेले तास नुसते वाया जात नाहीत, ते घात करतात.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कापूस येतो आणि खामगाव, मलकापूरकडच्या जिनिंगांचे पट्टे फिरू लागतात. हंगाम चार-पाच महिन्यांचा. तेवढ्यात वर्षाच्या मीठमिरचीची सोय करायची म्हणून जो तो डबल पाळी मागतो. आम्हीही मागायचो. एका हंगामात आमचा एक सोबती सलग दुसऱ्या पाळीला उभा राहायला कां-कूं करत होता. "भाऊ, डोये लागून रायले," तो म्हणाला. आम्हीच म्हणालो, "चाल ना गड्या, एका रात्रीनं काय होते?" पहाटे रोलरमध्ये अडकलेला कापूस काढायला त्याने मशीन चालू असतानाच हात घातला. दोन बोटे गेली. मशीन बंद करून हात घालायचा, हे त्याला माहीत नव्हते काय? नव्या पोरांना तोच शिकवायचा! पण झोपेने जड झालेल्या डोक्याला शिकलेले आठवत नाही. हंगामाची सारी जादा कमाई दवाखान्यात गेली. मुकादमाला आम्ही पुष्कळ बोललो. पण "चाल ना" म्हणणारे आम्हीच होतो, हे आज पहिल्यांदा सर्वांसमोर कबूल करतो.

बंधू-भगिनींनो, हे विश्रांतीचे तास आपल्याला कुणी दान दिलेले नाहीत. १८८४-८५ मध्ये मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे शेजारच्या खानदेशातल्या जिनिंगची साक्ष झाली. पहाटे चार-पाचला काम सुरू, ते रात्री आठ-नऊपर्यंत. गर्दीच्या दिवसांत तीच बायामाणसे रात्रंदिवस कामावर. १८८१ चा कारखाना कायदा होता, पण तो शंभरापेक्षा कमी मजुरांच्या आणि वर्षातून चार महिनेच चालणाऱ्या कारखान्यांना लागू नव्हता. म्हणजे जिनिंगवाला सुटलाच! त्याच काळात जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना जमवले. १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. मागण्या काय? आठवड्याला एक सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला.

पुढे १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांना आठवड्याचे ५४ तास ठरवले, पण जिनिंगसारख्या हंगामी कारखान्यांना ६० तासांची मुभा दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्यांच्या खात्याने आणलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांचा आठवडा ४८ तासांवर आला. १९४८ च्या कायद्याने हंगामी आणि बारमाही हा भेदच काढला. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट मजुरी, हेही त्यात आले. पुढे कायद्यांची नावे, कलमे बदलली, पण आठवड्याच्या ४८ तासांचा आकडा टिकून आहे. तो आपण आपल्या हाताने मोडला, तर दोष कुणाला द्यायचा?

तथागतांच्या काळातली सोण भिक्खूची गोष्ट आपण विहारात ऐकली आहे. श्रीमंताघरचा मुलगा, चालत-चालत साधना करताना त्याच्या पायांतून रक्त आले. मन काही स्थिर होईना. घरी परत जावे असा विचार आला. तो पूर्वी वीणा वाजवायचा, म्हणून भगवंतांनी त्याला वीणेचेच विचारले. तार फार ताणली तर सूर लागतो का? ढिली सोडली तर लागतो का? सोण समजला. सिगालाला केलेल्या उपदेशातही भगवंतांनी दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. फार थंडी आहे, फार ऊन आहे म्हणून काम टाळणाऱ्या आळशाला खडसावले. आणि मालकालाही बजावले, की नोकराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी.

मग हे रोजच्या कामात कसे आणायचे? आम्ही करतो ते सांगतो. जड आणि जोखमीचे काम पाळीच्या पहिल्या दोन-तीन तासांत उरकतो. झाडझूड, मोजदाद शेवटी ठेवतो. अर्ध्या तासाच्या सुट्टीत पूर्वी पत्ते आणि खर्रा चालायचा. आता भाकर खाऊन दहा मिनिटे आडवे होतो. रात्री मोबाईल उशाशी ठेवत नाही. दोन पाळ्या लागोपाठ करत नाही आणि दुसऱ्याला करू देत नाही. आम्ही सातवीत शाळा सोडली. पुढे जे वाचले ते रोज एक तास, याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून. थकून आलो असतो तर हा तासही घोरण्यात गेला असता.

घरच्या बाईचे काय? तीही जिनिंगमध्ये कापूस वेचून येते, निंदायला जाते, आणि घरी आल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होते. तिचे ४८ तास कोणत्या कायद्यात लिहिले? आम्ही पाणी भरणे आणि रात्रीची भांडी आमच्याकडे घेतली. गल्लीत लोक हसले. हसू द्या! रविवारी धम्मवर्गाला ती आता आमच्याआधी येऊन बसते.

एक शेवटचे, जरा स्पष्ट बोलतो. जयंतीला आपण मुलांना सलग अठरा तास अभ्यासाला बसवतो. भावना चांगली आहे, बाबासाहेबांना अभिवादन आहे. पण बाबासाहेबांनी विद्येचा ध्यास आयुष्यभर, रोज जपला. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून ठेवायचे असेल तर त्या अठरा तासांचा उपयोग काय? आमची समितीला विनंती आहे, की अठरा तास एका दिवशी ठेवण्यापेक्षा विहाराचा हॉल रोज संध्याकाळी दोन तास अभ्यासासाठी उघडा ठेवावा. दिवे लावायला, झाडायला आम्ही येऊ. ज्याची दोन बोटे गेली, तो सोबतीही येणार आहे. त्याने आमच्याआधी होकार दिला आहे.

 जयभीम! नमो बुद्धाय!