गिरणीची इमारत आणि इंदूरच्या झांक्या
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)

मंडळी, गणपतीच्या मांडवात गिरणीची गोष्ट कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्या इंदुरात अनंत चतुर्दशीला ज्या झांक्या रात्रभर निघतात, त्या गिरणी-कामगारांनीच रुजवलेल्या. हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार... एकेक भोंगा बंद झाला, झांक्यांनी मात्र शंभरी गाठली.

हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. तिथल्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यांचे २२४ कोटी रुपये मार्गी लागले ते डिसेंबर २०२३ मध्ये. तोवर कितीतरी जण हे जग सोडून गेले होते. त्यामुळे भिंती आधी जपा, असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही. माणसांचं देणं पहिलं. पण देणं चुकतं झालं की इमारती पाडायला मोकळे, हेही आम्हाला पटत नाही.

शहरातल्या गिरण्यांची एखादी तरी जुनी शेड दुरुस्त करून लोकांसाठी उघडावी, असं आम्हा काही जणांच्या मनात आहे. माग चालायचे त्या शेडचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असे आणि त्याच्या काचा उत्तरेकडे असत. ऊन थेट आत येत नसे, उजेड दिवसभर सारखा राही, तुटलेला धागा चटकन दिसे. असा उजेड आज कुठल्याही प्रदर्शनाला हवासा वाटेल! दुरुस्तीत एक पथ्य मात्र पाळायला हवं. चुन्यात बांधलेल्या विटांवर सिमेंट थापू नये. ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि वीटच भुगा होऊन गळू लागते. चुन्याचं काम महाग पडतं, जाणता गवंडीही शोधावा लागतो. पण आगीत होरपळलेला राजवाडा आपल्या गावाने पुन्हा उभा केलाच ना?

आणि तिथे नुसत्या काचेच्या पेट्या नकोत. झांक्या भर पावसाळ्यात तयार होतात. त्या याच छपराखाली बांधाव्यात, मुलांनी सांगाडा, मोटर, दिव्यांची जोडणी जवळून पाहावी. हे हातातलं कसब ज्यांच्याकडे आहे, ती मंडळी आता म्हातारी झाली आहेत. इमारत दहा वर्षं थांबेल, ते थांबतील का?

म्हणून सुरुवात विटांपासून नको, नोंदींपासून करू. तुमच्या घरी आजोबांचा हजेरीचा बिल्ला, पगाराचं पाकीट, झांकीचा जुना फोटो असेल, तर आरतीनंतर घेऊन या. आम्ही तिथेच फोटो काढून वस्तू लगेच परत करू.