पित्त म्हणून अंगावर काढलेले दुखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. असे चार माणसांत उभे राहून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ. कुरडयांवर बोला म्हटले असते तर सोपे गेले असते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या शस्त्रक्रियेचे सगळ्याजणी वाटेत गाठून विचारतात, तेव्हा एकदाच सगळ्यांना सांगून टाका." म्हणून उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

2022 च्या मे महिन्यात आमच्या पुतणीचे लग्न झाले. पंगती उठल्यावर आम्ही घरच्या बायका उशिरा जेवलो. बासुंदी, पुरी, भजी, जे उरले ते सगळे. रात्री दोनच्या सुमारास उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मी उठूनच बसले. बसवेना, निजवेना. कळ पाठीतून उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाई. एकदा उलटी झाली. दीड-दोन तासांनी कळ आपोआप थांबली आणि सकाळी मी पाहुण्यांचा चहा ठेवला. कोणी विचारले तर म्हटले, पित्त झाले होते.

हा पित्त शब्दच आपला घात करतो. छातीत जळजळले तरी आपण पित्त म्हणतो, डोके दुखले तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. मी डॉक्टरांपुढे बसूनही "पित्ताचा त्रास आहे" एवढेच म्हटले. त्यांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. दुखते कोठे, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. चार महिने त्या गोळ्या घेतल्या. कळ येईलसे वाटले की थंड दूध पीत असे, तेही म्हशीचे, सायीसकट. पुढे कळले की तुपातेलाचे, सायीचे काही पोटात गेले की पित्ताची पिशवी आवळते. म्हणजे औषध म्हणून मी दुखणेच पीत होते! नवरात्राचे उपवास केले तेव्हा साबुदाण्याच्या खिचडीने तर दोन रात्री जागवले.

शेवटी जाऊबाईंनी ओढून मिरजेस नेले. सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताशयात खडे दिसले. सर्वांत मोठा 12 मिलिमीटरचा. तेथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. पित्त तयार होते ते यकृतात, दिवसाला अर्धा ते एक लिटर. यकृताच्या खाली लहान वांग्यासारखी एक पिशवी लोंबते, तिच्यात ते साठून घट्ट होते. जेवलो की पिशवी आवळते आणि पित्त नळीतून आतड्यात उतरते. पित्तात कोलेस्टेरॉल फार झाले किंवा पिशवी नीट रिकामी होईना की खडे धरतात. आवळताना खडा तोंडाशी अडकला की ती कळ. पुरुषांपेक्षा बायकांना हे जास्त होते, बाळंतपणे झालेल्यांना, वजन वाढलेल्यांना, आणि झटपट वजन उतरवणाऱ्यांनासुद्धा.

डॉक्टर म्हणाले, "त्रास देणारे खडे आहेत. पिशवी काढून घ्या." मी हे घरी येऊन सांगितले मात्र, आणि गल्लीत बातमी झाली की हिची पिशवी काढायची आहे! आपल्याकडे पिशवी काढली म्हणजे गर्भाशयच. एक मावशी तर माझ्या समाधानासाठी म्हणाल्या, "मुले झाली ना, मग काय करायची ती?" मला हसावे की रडावे कळेना.

पण शस्त्रक्रिया केली नाही. दिवाळी होती, मग ऊसतोड आली, मुलाची बारावी होती. कारणे सगळी खरीच, पण खरे कारण मला भीती वाटत होती. सासूबाईंच्या बहिणीचे हेच काम पूर्वी पोट उघडून झाले होते. बरगडीखाली वीतभर व्रण आणि कित्येक दिवस अंथरूण. ते मी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून हुलग्याचे कढण प्यायला लागले. दोन महिने रोज प्याले. ते मुतखड्यावर सांगतात. मुतखडा लघवीवाटे पडून जातो. हा खडा त्या वाटेवर नसतोच, हे मला कोणी सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही.

2023 च्या जानेवारीत आपल्याच मंडळाचे संक्रांतीचे हळदीकुंकू होते. माझ्याकडे पाहून आशाताई म्हणाल्या, "काकू, तुमचे डोळे पिवळे दिसतात." कोणीतरी हसून म्हणाले, हळद फार लागली वाटते. मीही हसले. पण लघवी दोन दिवस चहासारखी होत होती आणि अंगाला खाज होती, ते मी बोलले नाही. घरी सासूबाईंनी काविळीची माळ आणवून गळ्यात घातली. तिने आणखी दोन दिवस गेले. तिसऱ्या रात्री हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा ह्यांनी जीप बोलावली.

एक खडा घसरून मोठ्या नळीत अडकला होता. पित्त मागे तुंबले आणि त्यात पू होऊ लागला होता. असा खडा खाली अडकला तर स्वादुपिंडालाही सूज येते, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. आधी तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढावा लागला. ताप उतरल्यावर पाचव्या दिवशी पिशवीची शस्त्रक्रिया. एकाऐवजी दोन कामे झाली आणि खर्चही तसाच वाढला. नुकती व्यालेली म्हैस विकावी लागली. तिच्या दुधावर माझा हातखर्च आणि मंडळाची भिशी चालत असे. ती म्हैस खड्याने नेली नाही, माझ्या उशिराने नेली, असे मी धरते.

शस्त्रक्रियेचे म्हणाल तर मला भूल दिली होती, त्यामुळे पाहिले काहीच नाही. डॉक्टरांनी सांगितले ते असे. पोटात कार्बन डायऑक्साईड वायू भरून जागा करतात. चार लहान भोके पाडतात, एक बेंबीजवळ, एक छातीच्या हाडाखाली आणि दोन उजवीकडे. एकातून दुर्बीण जाते, बाकीच्यांतून लांब हत्यारे, आणि डॉक्टर पडद्यावर पाहून काम करतात. पिशवीची नळी आणि रक्तवाहिनी चिमटे लावून बंद करतात, मग कापतात, आणि यकृतापासून पिशवी सोडवून भोकातूनच बाहेर काढतात. मी विचारले होते, "नुसते खडे काढून पिशवी ठेवता येणार नाही का?" तर म्हणाले, "खडे करणारी पिशवीच आहे. ती ठेवली तर पुन्हा होतील." पोट उघडून पित्ताशय काढण्याची रीत 1882 पासूनची, बर्लिनच्या लांगेनबुख यांची. दुर्बिणीने ते पहिल्यांदा 1985 मध्ये जर्मनीतच झाले, आणि आपल्या मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉक्टर तेहमतन उडवाडिया यांनी 1990 मध्ये केले. म्हणजे मी भ्याले ते जुन्या व्रणाला.

धोका नाहीच असे मात्र त्यांनी म्हटले नाही. मुख्य पित्तनळीला क्वचित इजा होते, आणि आत फार चिकटलेले असले तर पोट उघडावेही लागते. हे सांगून मगच सही घेतली, ते मला आवडले.

संध्याकाळी धरून चालवले. भोकांपेक्षा उजवा खांदाच जास्त दुखत होता. तो राहिलेल्या वायूने दुखतो, दोन-तीन दिवसांत थांबतो. दुसऱ्या दिवशी खिचडी खाल्ली, तिसऱ्या दिवशी घरी. काही आठवडे जड उचलायचे नव्हते, तेव्हा माळेच्या सासूबाईंनीच पाण्याच्या कळशा भरल्या. पिशवी नसली तरी पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरते, त्यामुळे पचनाचे अडत नाही. सुरुवातीला तळलेले खाल्ले की पोट पातळ होई, आता भजीही चालतात, मोजून.

खडे सापडले म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे मात्र समजू नका. आपल्यातल्या एकीला दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले. तिला काही त्रास नाही, म्हणून डॉक्टरांनी थांबा म्हटले, ते बरोबरच आहे. पण गेल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला दोघीजणी उजवी बरगडी धरून बसल्या होत्या आणि "पित्त झालंय" म्हणाल्या. नावे घेत नाही, त्यांना ठाऊक आहेत. त्यांनी डॉक्टरांकडे जाऊन पित्त हा शब्द उच्चारू नये. कळ कोठे येते तेथे बोट ठेवावे, ती कोठवर जाते, काय खाल्ल्यावर येते, किती वेळ टिकते, एवढेच सांगावे.

पिशवी तपासणीला पाठवली होती, त्यात वावगे निघाले नाही. खडे मला बाटलीत घालून दिले. एकूण सतरा, तुरीच्या डाळीएवढ्यापासून हरभऱ्याच्या घाट्याएवढे. बाटली आज बरोबर आणली आहे. पण आधी सगळ्यांचा फराळ होऊ द्या, मग दाखवते.