वही-पेन्सिल घेऊन बसा
(आकाशवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, ‘परदेशातला एक दिवस’ या विषयावर मला बोलायला सांगितलं आहे आणि वेळ दिलाय दहा मिनिटांचा. माझा तो दिवस टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, विद्यापीठाच्या बेसबॉल मैदानावर गेला. कसा गेला ते सांगतेच, पण मी आज खरं बोलणार आहे ते पेन्सिलीबद्दल. सामना बघायला जाताना वही-पेन्सिल घेऊन जा, एवढंच मला सांगायचंय. आणि ते मी दोन-चार वेळा सांगणार आहे. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, एकदा सांगितलेलं मागच्या बाकापर्यंत पोचत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे.

माझी लेक ऑस्टिनला असते. मार्चमधला रविवार होता. कॉलेजच्या बेसबॉलमध्ये पाहुणा संघ येतो तो बहुधा शुक्रवार, शनिवार, रविवार असे लागोपाठ तीन सामने खेळायलाच येतो, त्यातला हा शेवटचा. जावई म्हणाले, “आई, कंटाळा आला तर मध्येच उठू. तीन-साडेतीन तास चालतो.” बरोबर नऊ वर्षांची नात. मैदानाचं नाव डिश-फॉक फील्ड. बिली डिश आणि बिब फॉक हे या विद्यापीठाचे जुने प्रशिक्षक, त्यांच्या नावाचं हे मैदान 1975 साली सुरू झालं. हिरवळ कृत्रिम, खुर्च्या सातेक हजार, आणि जिकडेतिकडे भाजल्या विटेच्या रंगाचे सदरे. या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद सहा वेळा मिळवलंय, त्यामुळे प्रेक्षक जाणते. आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे तर्जनी आणि करंगळी वर करून शिंगांची खूण करतात. छान वाटत होतं.

पण आमच्या पुढच्या रांगेत एक अख्खं कुटुंब बसलं होतं. चौघांच्या हातात चार फोन. आणि त्या फोनमध्ये ते काय बघत होते? याच सामन्याचा स्कोअर! समोर पिचर चेंडू टाकतोय, ‘टिंग’ असा बॅटचा आवाज होतोय, लोक उठून उभे राहतायत, आणि ही माणसं मान खाली घालून, काय झालं ते पडद्यावर उमटायची वाट बघतायत. मला वाईट वाटलं. हे तिथलंच आहे असं समजू नका. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन क्रिकेटला मोजून चाळीस माणसं येतात, आणि त्या चाळिसांतली तीस फोनमध्ये असतात. हो, मी तुम्हालाच म्हणतेय.

माझ्या डाव्या हाताला एक गृहस्थ बसले होते, ऐंशीच्या आसपासचे. मांडीवर लाकडी पाटी, पाटीला चाप, चापात मोठा आखीव कागद. वरच्या खिशात दोन पेन्सिली, दोन्हींना सुईसारखी टोकं. डावीकडे फलंदाजांची नावं, वर इनिंगचे आकडे, आणि मध्ये चौकोनच चौकोन. प्रत्येक चौकोनात आणखी एक चिमुकला चौकोन, कोनावर उभा केलेला, फिकट रेघांचा. तो चिमुकला चौकोन म्हणजेच मैदान. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला की त्या बाजूवर गडद रेघ. दुसऱ्यावर गेला की पुढची रेघ. फिरून घरी आला, धाव झाली, की चारही बाजू जुळतात आणि मग आतला भाग पेन्सिलीने गच्च भरायचा.

ते बघताना मला आईची ठिपक्यांची रांगोळी आठवली. सारवलेल्या अंगणात आधी नुसते ठिपके. अनोळखी माणसाला त्यात काही दिसणार नाही. मग आईची चिमूट एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जायची, वळसा घ्यायची, परत फिरायची, आणि बघता बघता मोर उभा राहायचा. पण एक ठिपका सुटला, तर रेघ कोपऱ्यापर्यंत येते आणि जुळतच नाही. कुठे चुकलं ते शोधायला परत पहिल्या ओळीपासून मोजावं लागतं. या कागदाचंही तेच. एक फलंदाज बघायचा राहिला की पुढची धाव कुठून आली ते कळत नाही. म्हणून रांगोळी काढणारी बाई रांगोळी काढताना दुसरीकडे बघत नाही. आणि म्हणूनच मी म्हणते, वही घ्या. वही घेतली की डोळे आपोआप मैदानावर राहतात.

माझी नजर कागदावर खिळलेली शेजारच्या गृहस्थांनी पाहिली आणि पाटीखालचा एक कोरा कागद काढून मला दिला. वर एक पेन्सिल. “मॅम, मी आकडे सांगतो, तुम्ही लिहा.” क्षेत्ररक्षकांचे आकडे ठरलेले असतात. पिचर एक, कॅचर दोन, पहिल्या बेसवरचा तीन, दुसऱ्यावरचा चार, तिसऱ्यावरचा पाच, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या शॉर्टस्टॉपला सहा. हा आकडा सदऱ्यावरचा नव्हे, जागेचा. दुसऱ्या इनिंगमध्ये पाहुण्यांचा एक गडी पहिल्या बेसवर होता. पुढच्याने चेंडू जमिनीवरून मारला, शॉर्टस्टॉपने वाकून उचलला, दुसऱ्या बेसकडे टाकला, तिथून पहिल्या बेसकडे, आणि दोघेही बाद. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. लोक अजून ओरडत होते आणि शेजारून शांत आवाज आला, “सहा, चार, तीन.” मी लिहिलं. नात माझ्या खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, “आजी, हा तर फोन नंबर झाला!” पण पाचव्या इनिंगमध्ये तसाच चेंडू गेला तेव्हा शेजारच्यांच्या आधी तीच ओरडली, “सहा, चार, तीन!” त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. ऐंशी वर्षांच्या माणसाने नऊ वर्षांच्या मुलीसाठी टोपी काढली, श्रोतेहो. त्या दुपारी तिला पुन्हा फोन आठवला नाही.

ही लिहिण्याची रीत घडवली हेन्री चॅडविक यांनी. जन्म 1824 चा, इंग्लंडमधल्या एक्सेटरचा. लहानपणी आईवडिलांबरोबर ब्रुकलिनला आले आणि वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या देऊ लागले. म्हणजे बेसबॉलची वही क्रिकेटच्या वहीतूनच निघाली, हे आपल्याला जवळचं वाटायला हवं. तीन स्ट्राइकवर बाद झालेल्यासाठी त्यांनी इंग्रजी ‘के’ हे अक्षर घेतलं, ‘स्ट्रक’ या शब्दातलं शेवटचं. पुढे त्यात एक सुंदर भर पडली. फलंदाजाने बॅट फिरवून चेंडू चुकवला तर सरळ के. आणि तो नुसता बघत उभा राहिला आणि पंचांनी तिसरा स्ट्राइक दिला, तर उलटा के, आरशात दिसतो तसा. दोन्हीकडे माणूस बादच. फलकावर दोन्ही सारखेच दिसतील. पण एकाने प्रयत्न केला आणि एक गोठून उभा राहिला, हा फरक वहीत राहतो. 

हाच मुद्दा मला पुन्हा सांगायचाय. फलक तुम्हाला किती झाले ते सांगतो. कसे झाले ते तुम्ही लिहून ठेवलंत तरच राहतं. रांगोळीत बघा, पूर्ण झालेला मोर सगळ्यांनाच दिसतो, पण अर्धी राहिलेली पाकळी काढणारीलाच ठाऊक असते. तिसऱ्या बेसपर्यंत येऊन अडकलेला गडी म्हणजे तीन रेघा काढून सोडलेली पाकळी. फलकावर त्याची नोंद शून्य. त्या दिवशी यजमानांच्या एका मुलाच्या चार चौकोनांत अशा अर्ध्या पाकळ्या तीन होत्या. घरी जाताना त्याच्या मनात काय असेल ते मला त्या कागदावरून कळलं.

बॅटच्या ‘टिंग’बद्दल मघाशी बोलले. कॉलेजच्या खेळात 1974 पासून धातूच्या बॅटला परवानगी आहे, व्यावसायिक खेळात लाकडीच. त्या आवाजावरून चेंडू कसा लागलाय ते ऐकायलाही शिकता येतं.

वहीचा प्रामाणिकपणा सांगते. क्षेत्ररक्षकाची चूक झाली तर ती चूक म्हणूनच लिहायची, आपल्या आवडत्या संघाचा असला तरी. आणि लिहिणाऱ्याची चूक झाली तर? न्यूयॉर्क यांकीजचे फिल रिझुटो, आधी शॉर्टस्टॉप आणि नंतर वर्षानुवर्षं समालोचक, त्यांच्या कागदावर मधूनमधून ‘डब्ल्यू डब्ल्यू’ अशी खूण असायची. अर्थ काय, तर ‘बघत नव्हतो’. चौकोन रिकामा ठेवायचा नाही, शेजाऱ्याचं बघून भरायचा नाही. बघत नव्हतो, असं लिहायचं. मला हे इतकं आवडलं की मी लगेच त्याचं मराठी केलं, ‘ल. न.’, लक्ष नव्हतं. माझ्या कागदावर सहाव्या इनिंगमध्ये एक ‘ल. न.’ आहे. नातीला पाणी हवं होतं. शेजारच्यांनी आपला कागद पुढे केला होता, पण मी उतरवून घेतलं नाही.

सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळं मैदान हातपाय मोकळे करायला उभं राहिलं, तेव्हा त्यांनी पिशवीतून एक जुना कागद काढून दाखवला. कागद कसला, पट्टाच. तीन कागद एकाला एक चिकटवलेले. याच मैदानावर 30 मे 2009 रोजी टेक्सास आणि बॉस्टन कॉलेज यांचा सामना झाला. नऊ इनिंगचा खेळ, पण बरोबरी सुटेचना. तो पंचवीस इनिंग चालला! सात तास तीन मिनिटं. अमेरिकन कॉलेज बेसबॉलमधला सर्वांत लांबलेला सामना. मध्यरात्र उलटून गेल्यावर टेक्सासने तो 3–2 असा जिंकला. टेक्सासचा ऑस्टिन वूड नावाचा पिचर सातव्या इनिंगमध्ये आला आणि तेरा इनिंग टाकून गेला. त्यातल्या पहिल्या बारांत त्याने एकही हिट दिली नाही. हे आकडे तुम्हाला कुठेही वाचायला मिळतील. पण त्या पट्ट्यावर मी काय पाहिलं ते सांगते. पहिल्या कागदावरचं अक्षर नेटकं, मोत्यासारखं. दुसऱ्यावर रेघा जाड झालेल्या, कारण पेन्सिलीचं टोक झिजलेलं. आणि तिसऱ्या कागदावर मध्येच शाई, लाल रंगाची. पेन्सिल संपली तेव्हा मागच्या रांगेतल्या कुणीतरी बॉलपेन दिलं होतं. पंचविसाव्या इनिंगचा शेवटचा चौकोन लाल भरलेला आहे. मी त्यावरून बोट फिरवलं. पेन इतकं दाबून चालवलं होतं की कागदाच्या मागच्या बाजूला उंचवटा आलाय.

समोरून खूण होतेय, तीन मिनिटं राहिली. वहीमुळे राहिलेले दोन जुने सामने थोडक्यात सांगते. अमेरिकेतला कॉलेजांमधला पहिला बेसबॉल सामना 1 जुलै 1859 रोजी झाला, मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावात. ॲमहर्स्टने विल्यम्स कॉलेजला 73–32 असं हरवलं. दुसऱ्या दिवशी हीच दोन कॉलेजं बुद्धिबळ खेळली आणि तेही ॲमहर्स्टने जिंकलं. तेव्हाचे नियम निराळे, तेव्हाची माणसं गेली. 73 आणि 32 राहिले, कारण कुणीतरी तिथे बसून लिहीत होतं. दुसरा सामना क्रिकेटचा. आपल्या पुण्यात डिसेंबर 1948 मध्ये महाराष्ट्राचे फलंदाज भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध 443 वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या 452 धावांच्या तेव्हाच्या विक्रमाला फक्त नऊ कमी, आणि पाहुण्या संघाने खेळ सोडून दिला. ते नऊ कमी होते हे वहीमुळेच कळतं.

वही काही मला त्या मैदानावर पहिल्यांदा भेटली नाही. आमच्या घरी रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागलं की वडील कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून पट्टीने रेघा आखायचे आणि ऐकून ऐकून धावा लिहायचे. मैदान दिसत नव्हतं, तरी एकही चेंडू सुटत नव्हता. षटक संपलं की पेन्सिल कानावर. आईची रांगोळी दारात आणि वडिलांची कॅलेंडरच्या मागे. मी दोन्हीकडे बघत मोठी झाले आणि मधल्या चाळीस वर्षांत दोन्ही विसरले होते. ऑस्टिनमधल्या त्या माणसाने कोरा कागद पुढे केला तेव्हा माझी पेन्सिल, मला न कळत, कानावर गेली. लेक म्हणाली, “आई, अगदी आबांसारखं केलंस गं.”

तर परत सांगते, कारण मध्येच कुणी रेडिओ लावला असेल. सामना कुठलाही असो. खो-खो असो, कबड्डी असो, मुलीच्या शाळेचा लंगडीचा असो. खुणा तुमच्या तुम्ही ठरवा, चॅडविकनेही स्वतःच ठरवल्या. फोन पिशवीत ठेवा आणि वही-पेन्सिल घेऊन बसा. खोडरबर कमी वापरा. लक्ष नव्हतं तिथे ‘ल. न.’ लिहा.

आमच्या घरामागच्या कॉलेजच्या मैदानावर येत्या रविवारी सकाळी साडेनऊला मुलींचा क्रिकेट सामना आहे. तिकीट नाही. मी पूर्वेच्या बाजूला, गुलमोहराखालच्या बाकावर असेन. आखलेले कागद माझ्याकडे आहेत, शिवाय सहा जादा पेन्सिली, टोकं करून ठेवलेल्या. घड्याळ माझ्या पुढे गेलंय, थांबते.