लाभाचे वचन आणि हक्काचा करार



न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे नाव आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेबांनी तेथे अध्ययन केले आणि १९५२ साली त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानदर्शक एलएल. डी. पदवी अर्पण केली. परंतु कृतज्ञता म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. ज्या संस्थेचे आपण ऋणी आहोत, तिचा व्यवहारही न्यायाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे. म्हणून हे विद्यापीठ आणि त्याच्या शेजारची हार्लेम वस्ती यांच्यातील एका व्यवहाराविषयी आज मी बोलणार आहे.

हार्लेम ही कृष्णवर्णीयांची विख्यात वस्ती. तिचा विद्यापीठाविषयीचा अविश्वास जुना आहे. १९६८ साली विद्यापीठाने सार्वजनिक उद्यानाच्या जागेत व्यायामशाळा बांधावयास घेतली. विद्यापीठाच्या लोकांनी वरच्या दाराने जावे, हार्लेमच्या रहिवाशांनी खालच्या निराळ्या दाराने. आणि इमारतीचा अगदी लहान भाग त्यांच्या वाट्याला यावा, अशी ती योजना होती. निराळ्या दाराचा अर्थ आपल्याला कोणी समजावून द्यावयास नको! विद्यार्थी आणि रहिवासी यांनी प्रखर आंदोलन केले व ती योजना सोडून द्यावी लागली.

पुढे एकविसाव्या शतकाच्या आरंभी विद्यापीठाने पश्चिम हार्लेममधील मॅनहॅटनव्हिल या भागात सुमारे १७ एकरांवर नवा परिसर उभारण्याचे योजिले. प्रयोगशाळा, वर्ग, निवासस्थाने, दुकाने असा तो संमिश्र वापराचा प्रकल्प होता. त्या जागी छोटे कारखाने, गोदामे आणि काही कुटुंबांची घरे होती.

न्यूयॉर्क शहराच्या नियमानुसार असा प्रस्ताव प्रथम स्थानिक मंडळापुढे, मग बरोच्या अध्यक्षापुढे, त्यानंतर नगररचना आयोगापुढे आणि शेवटी नगर परिषदेपुढे जातो. यांतील पहिल्या दोघांचे मत केवळ सल्ल्यापुरते असते. २००७ च्या ऑगस्टमध्ये स्थानिक मंडळाने प्रचंड बहुमताने प्रस्तावाविरुद्ध कौल दिला. वस्तीने स्वतःची निराळी योजनाही तयार केली होती. तरी नोव्हेंबरमध्ये आयोगाने आणि १९ डिसेंबर रोजी नगर परिषदेने विद्यापीठाच्या प्रस्तावास मान्यता दिली. ज्याचे घर जाणार, त्याचे मत विचारले गेले. पण निर्णयाच्या वेळी त्या मताला वजन उरले नाही.

वस्तीला काहीच मिळाले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १५ कोटी डॉलरचा लाभ देण्याचे विद्यापीठाने मान्य केले. त्यांपैकी ७ कोटी ६० लाख समाजनिधीसाठी, ३ कोटी नव्या सार्वजनिक शाळेसाठी, आणि उरलेली रक्कम परवडणारी घरे, कायदेशीर साहाय्य व इतर सेवांसाठी होती. ती शाळा २०११ साली सुरूही झाली.

परंतु या घटनांचा क्रम पाहा. परिषदेने मान्यता दिली, तेव्हा वस्तीच्या हाती केवळ एक सामंजस्यपत्र होते. पूर्ण करारावर सह्या झाल्या त्या मे २००९ मध्ये, म्हणजे सुमारे दीड वर्षानंतर! मान्यता मिळेपर्यंत विकासकाला वस्तीची गरज असते. ती मिळाली की वस्तीलाच विकासकाच्या मागे फिरावे लागते. वाटाघाटीचे बळ ज्या दिवशी संपले, त्यानंतर कराराची कलमे ठरली.

पैसा आल्यावरही प्रश्न संपला नाही. निधी सांभाळण्यासाठी निर्माण झालेल्या पहिल्या संस्थेच्या कारभाराविषयी तक्रारी झाल्या, राज्याच्या ॲटर्नी जनरलने चौकशी केली आणि तिची जागा दुसऱ्या संस्थेने घेतली. ज्यांच्या नावे निधी आला, त्यांनाच हिशेब विचारण्याची सोय आरंभापासून असती, तर ही वेळ आली नसती.

ज्या थोड्या मालकांनी जागा विकण्यास नकार दिला, त्यांच्या जमिनी सक्तीने घेण्यासाठी राज्याच्या यंत्रणेने तो भाग जीर्ण व अवनत ठरविला. एका न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये ही कृती बेकायदा ठरविली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१० मध्ये तो निर्णय फिरविला. वस्तीला आधी अवनत म्हणावयाचे आणि मग तिच्या उद्धारासाठी तिलाच हलवावयाचे, ही रीत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

बंधूंनो, विकासाला आपला विरोध नाही. शाळा, प्रयोगशाळा, प्रशस्त घरे कोणाला नकोत? आपला आग्रह एवढाच की लाभ हे दान नसून मोबदला आहे, आणि मोबदल्याला करार लागतो. म्हणून जिथे जिथे वस्तीपुढे नकाशा मांडला जाईल, तिथे तीन प्रश्न विचारा. आमच्या मताला केवळ सल्ल्याचे स्थान आहे की निर्णयाचे? करारावर सही मान्यतेपूर्वी होणार की नंतर? वचन मोडले, तर दाद मागण्याचा आणि हिशेब पाहण्याचा अधिकार कोणाला? या तिन्हींची उत्तरे लेखी मिळेपर्यंत संमतीचा अंगठा उठवू नका. दान देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. हक्क मात्र संघटित माणसाच्या सावधपणावर उभा असतो.