दुसऱ्या होडीचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही हे आपण सर्वजणी जाणताच. सातवी झाले, पुढे लग्न होऊन या वारणानगरात आले. त्यानंतर चार माणसांपुढे तोंड उघडण्याचा प्रसंग म्हणजे हळदीकुंकवात उखाणा घेणे, एवढाच. पण गेल्या महिन्यात सहलीचा जमाखर्च वाचून दाखविला, तेव्हा मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारले, "बायका चौदा आणि होड्या दोन कशाला? एकीत मावल्या नसत्या का?" चिटणीसबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी मान खाली घातली. त्या दुसऱ्या होडीला कारण मी झाले, म्हणून हिशेब देण्याचे कामही माझ्याकडेच आले. लिहून आणले आहे, ते वाचते. चुकल्यास सांभाळून घ्यावे.

आपली सहल म्हणजे आजवर देवदर्शन. नरसोबाची वाडी, आदमापूर, पंढरपूर. देवाला जायचे म्हटले म्हणजे घरात कोणी नाही म्हणत नाही. समुद्र पाहायला जायचे, तेही बायकाबायकांनीच, म्हटल्यावर मात्र घरोघर एकच प्रश्न झाला, "तिथे आहे काय?" याचे उत्तर माझ्यापाशीही नव्हते. कल्पना मूळची माझ्या भाच्याची. तो पुण्याला नोकरीस असतो आणि कामानिमित्त इटली देशात जाऊन आला. तिथल्या अमाल्फी नावाच्या किनाऱ्याचे फोटो त्याने मोबाईलवर दाखविले. डोंगराच्या कड्याला चिकटलेली घरे, उतारावर लिंबाच्या बागा, खाली निळे पाणी, आणि त्यात दहा-बारा माणसांच्या लहान होड्या किनाऱ्याकिनाऱ्याने फिरताहेत. तो किनारा १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे म्हणे. मी म्हटले, छान आहे बाबा, पण आम्हाला कोण नेतो इटलीला? तेव्हा तो म्हणाला, "मावशी, मालवण पाहिलंय का?" घाटाखाली मालवण, आणि आम्ही चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी ते पाहिलेले नाही! मला लाज वाटली. हे मी मंडळात बोलून गेले, आणि पुढचे आपणां सर्वांस माहीत आहे. भिशीचे थोडे, पापड लाटून मिळालेले थोडे, असे करत वर्षभर पैसे साठविले, आणि यंदा जानेवारीत संक्रांतीचे हळदीकुंकू आटोपल्यावर निघालो.

चौदा जणींत माझी आईही होती. सत्तरी उलटली आहे. तिला नेण्याबद्दल एकदोघींनी नापसंती दाखविली होती, पण तिने स्वतःचे पैसे आधी आणून दिले आणि मग विचारले.

राधानगरी, दाजीपूर करीत फोंडा घाट उतरलो. घाटमाथ्यावर गाडी थांबली तेव्हा बरोबरच्या एका शिकलेल्या मुलीने एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. याच सह्याद्रीवर पडलेला पाऊस निम्मा इकडे वळतो, निम्मा तिकडे. आपली वारणा पूर्वेला निघते, सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेस मिळते, आणि कृष्णा सारा देश ओलांडून बंगालच्या उपसागरास जाते. घाटाखालच्या नद्यांना मात्र समुद्र दाराशीच. आई म्हणाली, "मग त्यांना पूर येत नसंल." येतो, त्यांनाही येतो. पण आपल्याकडे कृष्णा फुगली की वारणेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे तुंबते, हे आम्ही सर्वांनी पाहिलेले आहे.

मुक्काम देवबागला एका घरगुती ठिकाणी केला. मालवणच्या खाली तारकर्ली, आणि तारकर्लीच्या पुढे ही देवबागची चिंचोळी पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माड आणि घरे. रात्री दोन्हीकडून पाण्याचा आवाज. मला झोप लागली नाही. तिथल्या लोकांचा किनारा समुद्र खात चालला आहे. लाटा अडविण्यासाठी दगड रचले आहेत ते आम्ही पाहिले. घरच्या बाईंना मी विचारले, भीती नाही का वाटत? त्या म्हणाल्या, वाटते की, पण म्हणून उठून कुठे जायचे?

संध्याकाळी मात्र एक आनंदाची गोष्ट पाहिली. वाळूवर रापण ओढत होते. रापण म्हणजे भले मोठे जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धचंद्रासारखे सोडतात, मग त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात. एकट्याचे हे कामच नव्हे. मासळी आली की तिचे वाटे पडतात, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, हाताने ओढणाऱ्यांचा वाटा. आपण सहकाराच्या गावच्या बायका, आपल्याला हे समजावून सांगावे लागले नाही. आमच्यातल्या तिघी पदर खोचून दोराला लागल्या. त्यांना वाटा म्हणून चार बांगडे मिळाले. त्यांतल्या एक माळकरी, त्यांनी आपला बांगडा शेजारणीला दिला आणि स्वतः घावणे व सोलकढी जेवल्या.

आता मुद्द्यावर येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीवर गेलो. होडी ठरविलेली होती. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस. त्याने आम्हांला मोजले आणि म्हणाला, "काकीनू, दहाच्या वर एक माणूस घेवचंय नाय." आम्ही घासाघीस सुरू केली. बायका हलक्या असतात, दोघी तर काडीसारख्या आहेत, लहान मुलांएवढेच वजन, असे सगळे बोलून झाले. तो हसला पण बधला नाही. मग कोणीतरी तोड काढली की चौघींनी काठावर थांबावे. मी ताबडतोब म्हटले, "मी थांबते." सगळ्यांनी माझे कौतुक केले. माझी जागा दुसरीला देते, किती मोठे मन! भगिनींनो, ते मोठे मन नव्हते. मला होडीत बसायचेच नव्हते. एवढ्या लांब येऊन, सगळ्यांना गोळा करून आणून, मी काठावरच राहण्याचे निमित्त शोधत होते.

कारण असे. २०१९ साली नागपंचमीला, म्हणजे ५ ऑगस्टला, मी माहेरी गेले होते. माहेर वारणाकाठी. चांदोलीतून पाणी सोडलेले, पाऊस थांबेना, आणि रस्ता बंद झाला तो झालाच. तिसऱ्या दिवशी पाणी घराच्या आढ्याकडे चढू लागले. गल्लीतली माणसे एका उंच स्लॅबवर जमली होती. जवान रबरी होडी घेऊन आले, तेव्हा सगळे एकदम पुढे लोटले. त्यांनी दरडावून मागे सारले आणि मोजून माणसे घेतली. म्हातारी माणसे आणि मुले आधी. आई गेली. मी मागे राहिले. दुसरी खेप येईपर्यंत दोन तास झाले असतील, ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्या जवानांचा मला रागच आला होता. आणखी दोन माणसे मावत होती की, असे मी मनात म्हणत होते. दुसऱ्याच दिवशी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची बातमी आली. पुरातून सुटायला निघालेल्यांची नाव माणसे जास्त झाल्याने उलटली आणि बायकामुलांसह कितीतरी जीव गेले. त्या दिवसापासून माझा राग गेला, पण होडी म्हटली की पोटात गोळा उठतो. आजवर हे मी घरीसुद्धा नीट सांगितले नव्हते.

तर काठावर मी थांबते म्हटले आणि आईने माझ्याकडे पाहिले. तिने ओळखले. ती म्हणाली, "ही न्हाई तर मी बी न्हाई." मग मला बोलावे लागले. जे आता सांगितले ते त्या खाडीच्या काठावर, अडखळत, सगळ्यांना सांगितले. तांडेलही ऐकत होता. तो म्हणाला, इकडेही २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीच्या समुद्रात प्रवाशांची होडी उलटून दोघे गेले, म्हणून आपण आकडा सोडत नाही. मग त्याने आम्हांला होडी दाखवून समजाविले. होडीचा काठ पाण्याच्या वर किती राहतो त्यात तिचा जीव. माणूस वाढले की काठ खाली जातो. आणि सगळे शांत बसले तर एक वेळ निभते, पण डाव्या अंगाला डॉल्फिन दिसला की झाडून सगळे उठून डावीकडे धावतात, आणि तिथेच घात होतो. म्हणून उठायचे नाही, ज्याने त्याने आपल्या जागी बसून पाहायचे. मला हे नव्याने कळले. इतकी वर्षे मी पाण्याला भीत होते. भ्यायचे ते गर्दीला.

ज्या बाईंनी सर्वांत जास्त घासाघीस केली होती, त्याच म्हणाल्या, "दुसरी होडी करा. सात-सात बसू." खजिनदारबाईंनी पिशवी उघडली. हा त्या खर्चाचा उगम.

तरी माझा पाय उचलेना. तेव्हा आई जे बोलली ते तिच्याच शब्दांत सांगते. "आगं, त्या दिवशीची होडी घरातनं न्हेणारी हुती. ही फिरवून परत आणणारी हाय." मी बसले. नारिंगी जाकिटाचे बंद तांडेलाने स्वतः ओढून पाहिले. आईचे जाकीट तिच्या नऊवारीवर असे काही दिसत होते की मलाही हसू आले.

खाडीचे मुख येईपर्यंत मी डोळे मिटूनच होते. मुखाशी वाळूचा बांध पाण्याखाली असतो, ओहोटीला तिथे लाटा फुटतात, म्हणून भरतीची वेळ साधून बाहेर पडतात. होडी दोनदा उचलली गेली आणि एकदम शांत झाली. डोळे उघडले तो नदीचे गढूळसर पाणी मागे राहिले होते आणि पुढे सगळे हिरवेनिळे. डावीकडे भोगव्याचा डोंगर, त्याच्या पायाशी पांढरी वाळू, पुढे निवतीचा किल्ला. लांब समुद्रात वेंगुर्ल्याच्या खडकांवरचा दीपस्तंभ तांडेलाने बोट करून दाखविला. मला तो टाचणीएवढा दिसला, दोघींना दिसलाच नाही. त्या खडकांतल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. माणसाची वर्दळ नाही म्हणून त्या तिथे राहिल्या आहेत.

डॉल्फिन दिसले. एकदा दोन, एकदा एकटाच. राखी पाठ वर येते, फुस्स असा आवाज होतो आणि गेले. तो मासा नव्हे, श्वास घ्यायला वर यावे लागते, आणि पिलाला अंगावर पाजतो, हे ऐकून आई म्हणाली, "मग बाईमाणूसच की." कोणी जागचे उठले नाही. मी मोजत होते.

सुनामी बेट म्हणून वाळूचा एक पट्टा आहे, तिथे फार गोंगाट होता. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

दुपारी मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलो. ती होडी मोठी, तरी आता मला तितके कठीण गेले नाही. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर याचा पाया घातला आणि तीन वर्षांत तो उभा केला. तट सुमारे तीन किलोमीटर. अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवरायांचे मंदिर आहे, आणि चुन्यात उमटलेला महाराजांचा हात व पाय. पण आम्ही बायका रमलो विहिरींपाशी. चहूकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! नावे कोणी ठेवली असतील? मला वाटते पाणी भरणाऱ्या बायकांनीच. हा किल्ला आपल्या करवीरच्या गादीकडे होता. १७६५ साली इंग्रजांनी घेऊन त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले, तो परत कोल्हापूरकडे आला, आणि १८१२ च्या तहात मालवण कायमचे त्यांच्याकडे गेले. २०२५ च्या जुलैत जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत हा आहे आणि आपला पन्हाळाही आहे. अमाल्फीच्याच यादीत आता आपण बसलो, हे मी भाच्याला फोन करून कळविले.

परतताना धक्क्यावर उतरलो तेव्हा मी पुन्हा मोजले. चौदा.

दुसऱ्या होडीचे पैसे मी माझ्या पापडाच्या पैशातून परत करणार होते, तशी चिठ्ठीही लिहिली होती. खजिनदारबाईंनी ती घेतली नाही, म्हणून तो खर्च वहीत तसाच आहे. ज्या भगिनींनी प्रश्न विचारला त्यांचा मला राग नाही. त्या येत्या खेपेस बरोबर येणार आहेत. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा दसरा झाल्यावर नावे द्यावीत. दर दहा जणींमागे एक होडी धरून वर्गणी काढली जाईल. माझ्या आईने आपले पैसे आताच दिले आहेत.