दामदुपटीचे आमिष

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा त्याचा आशय. हेतू ऋणकोचे रक्षण. तीच दामदुपट आज ठेवीदाराला गळास लावणारे आमिष झाली आहे.

बालाघाट जिल्ह्यातील लांजी भागात अल्पावधीत रक्कम दुप्पट करून देण्याचा व्यवहार चालला होता. मे २०२२ मध्ये पोलिसांनी सुमारे १० कोटींची रोकड जप्त केली. हिशेब पाहा : सहा महिन्यांत दुप्पट होणारा रुपया पाच वर्षांत १०२४ रुपये होतो. असे पीक धानाच्या शेतात येत नाही, मँगनीजच्या खाणीतही निघत नाही. पहिल्यास मिळालेला नफा हे दुसऱ्याचे मुद्दलच होय.

२०१९ च्या कायद्याने अशा अनियंत्रित ठेवी स्वीकारण्यास बंदी असून ७ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मालमत्ता जप्त करून ठेवी परत देण्याचीही तरतूद आहे. परंतु वाटून गेलेला पैसा जप्तीत कोठून सापडणार? म्हणून आधीच विचारावे : ठेवी घेण्याची अनुज्ञा कोणी दिली? रिझर्व्ह बँकेकडील नुसती नोंदणी म्हणजे ती अनुज्ञा नव्हे. उत्तर मिळेपर्यंत पदराची गाठ सोडू नये.